टोपीतली पेन्सिलची रेघ

४ मार्च, बुधवार

नाही झाली सुरू!

साडेसहापासून राजा गाडीला सेल्फ मारतोय. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र — इंजिन फिरतंय, पण धरत नाही. मी स्वयंपाकघरात दूध तापवत उभी. शेड भिंतीपलीकडेच, सगळं ऐकू येतं. आधी शिव्या गाडीला. मग ती बनवणाऱ्याला. मग बायकोला, जी घरात नाहीच. मग मागच्या दाराला लाथ. ह्यांनी, जिवंत होते तोवर, चाळीस वर्षं त्या दाराला ओरखडा येऊ दिला नव्हता. आता पत्रा आत गेलाय.

मग माझी पाळी. चहा घेऊन गेले तर कप उडवला. 'तुझं तोंड बघून निघालो की हे असंच व्हायचं!' चहा पायावर सांडला, भाजलं. भाजू दे. एक दिवस तरी मिळाला.

रविवारी सूनबाई चिमणीला, माझ्या नातीला, घेऊन निघून गेली, पहाटेच्या पहिल्या बसनं. शनिवारी राजानं एका थपडेत तिच्या कानाचा पडदा फाडला होता. चिमणी सहा वर्षांची, टेबलाखाली बसून बघत होती. मी दोघींना जाताना पाहिलं आणि नेहमीसारखी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच माझं गप्प बसणं कुणाच्या उपयोगी पडलं.

राजा म्हणजे माझा मुलगा. लहानपणी लाडानं म्हणायचे. तोंडातून जात नाही.

काल त्याला पत्ता लागला. डोंगरापलीकडच्या गावात, तिच्या बहिणीकडे. 'बसनं आणायचं नाही तिला. बोंबलेल, लोक बघतील. भाड्याची गाडी केली तर ड्रायव्हर असतो, त्याला डोळे असतात. बाबांच्या गाडीत काचा वर केल्या की काम झालं.' हे तो पाव चावत, अगदी शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर मी एवढी घाबरले नसते. ह्या वेळी आणलंन तर तो तिला जिवंत ठेवणार नाही. मी त्याची आई आहे, आणि हे लिहितेय.

म्हणून आज तो उठायच्या आधी शेडमध्ये गेले. बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढली — दोन क्लिपा, पोर काढील. टोपीच्या आतून, मधल्या टोकापासून थेट कडेपर्यंत, पेन्सिलनं एक रेघ ओढली. ह्याच पेन्सिलनं, जिनं आता लिहितेय. टोपी लावली, हात धुतले, दूध ठेवलं.

करंट आळशी असतो, असं हे म्हणायचे. चोरवाट दिसली की प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही. पेन्सिलचं शिसं ही त्याची चोरवाट.


५ मार्च, गुरुवार

राजेसाहेब आज स्वतः मिस्त्री झालेत! कार्बोरेटर सोडवून जेवायच्या टेबलावर मांडला. पेट्रोलचा वास डोक्यात चढला. कचरा अडकलाय म्हणे. पेट्रोल नीट येत होतं, प्लग ओले चिंब होते. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पोचत नाही. दहा वर्षांच्या पोराला कळावं. पण नाचता येईना अंगण वाकडं!

मी बाजूला बसून हातांनी स्क्रू धरून दिले. 'हा घे.' 'तो नाही गं, मूर्ख!' — मुद्दामच दिला होता चुकीचा.

त्याला वाटतं मला काही येत नाही. कसं वाटणार नाही? ह्यांनीच तशी काळजी घेतली होती. ह्यांच्या गॅरेजचा दरवाजा आतून ओढला की मी दिवा धरायचे, पॉइंट घासायचे, टायमिंग लावायचे. 'तुझी बोटं बारीक आहेत,' एवढंच कौतुक. रविवारी मोकळ्या मैदानावर चालवायलाही शिकवलं — गाडी तपासायला दुसरं माणूस हवं म्हणून. डावा क्लच, मधला ब्रेक, उजवा रेस. चुकले की बोटांच्या पेरांवर पान्हा. पंधरा दिवसांत चुका संपल्या. वर दम — बाहेर कुठं बोललीस तर याद राख, माझी बायको गाडी चालवते हे गावाला कळायला नको.

कळलं नाही. मुलालासुद्धा नाही.


६ मार्च, शुक्रवार

पेट्रोल पंप बदलला. सुरू नाही. संध्याकाळी पंपानंच मला पाठीत मारलं. लोखंडाचा असतो.


८ मार्च, रविवार

आज त्यानं चष्मेवाल्या मिस्त्रीला आणलं. हा ह्यांच्या हाताखाली शिकलेला. मी दिवा धरलेला त्यानं पाहिलाय.

त्यानं एक वायर बॉनेटजवळ धरली, राजाला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी आली. 'कॉईलपर्यंत आहे,' स्वतःशीच पुटपुटला. म्हणजे ठिणगी तयार होतेय, अडतेय पुढे; आता टोपीच. क्लिपा काढल्या. टोपी उलटी करून उजेडात धरली. चष्मा कपाळावर चढवला, टोपी डोळ्यांजवळ नेली. काळ्या टोपीत राखाडी रेघ — शोधणाऱ्यालाच दिसते, आणि हा शोधणाऱ्यातला!

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ सुजलेला, त्याकडे पाहिलं. पाय भाजलेला, त्याकडेही. माझ्या कानावर पेन्सिल खोचलेली होती. विसरलेच होते काढायला!

टोपी परत लावली त्यानं. 'कॉईल गेलीय,' म्हणाला. 'ह्या गाडीची आता मिळत नाही. मागवावी लागेल, चारेक दिवस.'

'आत्ता तर म्हणालास कॉईलपर्यंत आहे!'

'आहे. पण अशक्त आहे ठिणगी. गरम झाली की बसते.' एवढं खोटं मी त्याला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जाताना दाराशी थांबला. 'वहिनी, पेन्सिल जपून वापरा.'

आत येऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं. कुणीतरी एकानं पाहिलं, एवढ्यावरच.


९ मार्च, सोमवार

लिहवत नाही. श्वास घेतला की टोचतं.


१० मार्च, मंगळवार

काल त्यानं सूनबाईच्या बहिणीला फोन लावला. तिनं ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. मग फोन भिंतीवर. मग खुर्ची खिडकीवर. मग मी मध्ये आले — मध्ये कसली, कोपऱ्यात होते, तो कोपऱ्यापर्यंत आला. 'तूच फूस दिलीस तिला! तूच!' खाली पडल्यावर लाथा घातल्या. मी मोजत होते. मार खाताना मोजायची सवय ह्यांच्या वेळची. पाचनंतर मोजणं सुटलं.

शेजारीण डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन बरगड्या. 'कशा पडलात आजी?' 'जिन्यावरून.' बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, 'तुमच्या घराला जिना आहे कुठं?' मग मला हसू आलं, आणि हसल्यावर बरगड्यांनी असा जीव काढला की रस्त्यातच खाली बसले.

सूनबाईला ह्या घरात आल्यावर पहिल्या वर्षी मी काय सांगितलं होतं, ते आठवतंय. गाल लाल घेऊन आली होती माझ्याकडे. मी म्हटलं, 'पुरुषाचा हात थोडा उठतोच. सोसलं की कमी होतं.' कमी होत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. ह्या रेघेनं ते वाक्य पुसलं जाईल तर बरं.


१२ मार्च, गुरुवार

कॉईल आली. मिस्त्रीनं बसवली. बॅटरीही भरून आणली होती. टोपी उघडून त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं — पुसू? मी मान हलवली — नको. त्यानं टोपी लावली.

घर्रर्र, घर्रर्र. नाही.

राजानं सीटखालून हँडल काढलं — इंजिन हातानं फिरवायचं लोखंडी हँडल, हातभर लांब. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. चष्मा फुटला. दोन दात जमिनीवर पडले, ग्रीसमध्ये. मिस्त्री साठीचा माणूस! 'बाबांचं मीठ खाल्लंस आणि मला गंडवतोस!'

एक शब्द बोलला असता तर सुटला असता. 'आईला विचार.' बस्स, एवढंच. नाही बोलला. तोंड दाबून, भिंतीला धरत निघून गेला. ग्रीसमधले ते दात मी उचलले, धुतले, कागदात बांधून ठेवले. कुणाला द्यायचे ते कळेना.

ह्या पापाची धनी मी आहे.


१३ मार्च, शुक्रवार

रात्रभर तो विचार करत असणार, सकाळी म्हणाला, 'त्या टोपीत तो सारखा काय बघत होता? आज मीच उघडतो.'

तो दाढी करत होता तेवढ्यात मी शेडमध्ये. रेघ भांडी पुसायच्या फडक्यानं पुसून काढली, पार स्वच्छ. पण मग गाडी सुरू झाली असती! म्हणून रोटर बदलला. टोपीच्या आत गरगर फिरणारा, अंगठ्याएवढा तुकडा — तो एकेका प्लगला करंट वाटतो. ह्यांच्या पत्र्याच्या डब्यात एक जुना रोटर होता, त्याला केसाएवढी चीर. चिरेतून करंट खाली पळतो. बिघडलेली वस्तू टाकायची नाही, चांगलीची पारख तिच्यावरून होते, असं म्हणून ह्यांनी ठेवलेला. नवऱ्याची एक तरी सवय कामी आली.

चांगला रोटर गटारात टाकला. आता ब्रह्मदेव आला तरी सापडायचा नाही!

त्यानं टोपी उघडली, आत बघितलं, काही कळलं नाही. सेल्फ मारला. नाही. बॉनेट एवढ्या जोरात आपटलं की शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं. मग म्हणाला, 'मेली ही गाडी.' आणि घरात येऊन झोपला.

जिंकले! नऊ दिवस पुरले. आता तो जाणार नाही, असं वाटतंय. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.


१४ मार्च, शनिवार

सूनबाई परत आली.

स्वतःहून! दुपारच्या बसनं, चिमणीचा हात धरून, एका कानात कापूस. मी दार उघडलं.

'शेजारच्या काकूंनी कळवलं. बरगड्या मोडल्यात म्हणे तुमच्या. आई, तुम्हाला एकटं कसं सोडू?'

असा राग आला! एक ठेवून द्यावीशी वाटली तिला. ज्या बरगड्या तिला लांब ठेवायला मोडून घेतल्या, त्याच तिला घेऊन आल्या! मी म्हटलं, 'जा. आत्ताच्या आत्ता मागे फिर.' बघते तर तो तिच्या मागेच उभा. हसत होता. तिच्या हातातली पिशवी घेतली, चिमणीला उचललं, आत नेलं आणि दाराला कुलूप लावलं.

संध्याकाळभर गोड बोलत होता. सूनबाईनं तीनदा माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना ते गोड बोलणं ओळखीचं आहे.


१५ मार्च, रविवार

काल गोड होतं, आज वसूल केलं. तिचे केस धरून डोकं कपाटावर. चिमणीसमोर. मी मध्ये पडले, ह्या वेळी खरोखर मध्ये. त्यानं मला नुसतं ढकललं, माशी हाकलावी तसं.

दुपारी तो अंघोळीला गेला तेव्हा स्वयंपाकघरातून शेडमध्ये आणि शेडच्या दारानं निघालो, तिघी पायी. बसथांबा अर्ध्या तासावर, माझा श्वास पुरेना. मी म्हटलं तुम्ही पुढे पळा. ती ऐकेना. कोपऱ्यावरच गाठलंन. भर रस्त्यात तिला फरफटत आणलं. चार दारं उघडली, चार दारं बंद झाली.

मग चिमणीसमोर उकिडवा बसून म्हणाला, 'पुन्हा पळाली ना तुझी आई, तर मी तिला झोपवून टाकणार. कायमची. समजलं?' चिमणीनं मान डोलावली. शाळेत डोलावतात तशी.


१६ मार्च, सोमवार

आता मलाच गाडी हवी! आणि मीच तिचा जीव गटारात फेकलाय. दगडाखाली माझाच हात.

एक बरं — बिघाड शोधायला नको. मीच केलाय. चीर बुजवली पाहिजे, अशी की करंट तिच्यातून पळू नये. कशानं बुजवू? मेण वितळेल. डिंक ओला राहील. भांडी घासत होते आणि सूनबाईच्या नखांकडे लक्ष गेलं. कडेला जुना लाल रंग राहिलेला. नेलपॉलिश! ह्यांनी एकदा वाटेत अडकल्यावर टोपीची चीर एका बाईकडून नेलपॉलिश मागून बुजवली होती. घरी येईपर्यंत गाडी चालली होती.

'आहे का गं ती बाटली?'

आहे. गादीत लपवलेली. लाल रंग लावला म्हणून त्यानं तिचं बोट दारात चिरडलं होतं, तरी तिनं बाटली टाकली नव्हती. शाब्बास पोरी.

तो अंघोळीला गेला की दहा मिनिटं मिळतात. आज त्या दहा मिनिटांत रोटर काढून आणला. मग दिवसभर भाजी चिरता चिरता तीन हात दिले, प्रत्येक हात वाळवून. तो खुर्ची टाकून दारात बसलेला. एकदा विचारलंन, 'कसला वास येतोय?' सूनबाई म्हणाली, 'आईंच्या बरगडीचं मलम.' संध्याकाळी तो दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेला, बाहेरून कुलूप घालून — शेडला आतून नुसती कडी, पण पायी आम्ही कुठवर पळणार, हे त्याला कालच कळलंय — तेवढ्यात रोटर बसवून टाकला.

चालेल की नाही, माहीत नाही. आवाज न करता तपासता येत नाही. बॅटरी त्यानं सेल्फ मारून मारून संपवत आणलीय. तीन सेल्फ देईल, फार तर चार. उद्या सकाळी.


१७ मार्च, मंगळवार

लिहून ठेवते.

नळाचा आवाज सुरू झाला तशा निघालो. शेडची दोन्ही दारं उघडली. चिमणी मागे, सीटखाली आडवी. मी स्टिअरिंगमागे बसले तेव्हा सूनबाईचे डोळे मोठे झाले. 'आई, तुम्हाला येते?' म्हटलं, 'बस आत.'

किल्ली गाडीतच लटकत होती. चोक ओढला. पहिला सेल्फ — नाही. दुसरा — एकदा खोकली, आणि नाही. नळ बंद झाला. 'आई, आई, आई,' सूनबाई एवढंच म्हणत होती. मी थांबले. दहा आकडे मोजले — प्लग ओले झाले की दम धरावा लागतो. तिसरा —

धरलं! अख्खी शेड धुरानं भरली. ह्यांच्या वेळचा आवाज, तोच.

तो धावत आला. डोक्याला साबण, कमरेला टॉवेल, हातात ते हँडल. गाडीपुढे, दारात उभा राहिला. मला पाहिलं आणि हसायलाच लागला. 'उतर आई. तुला सायकल येत नाही, गाडी कसली चालवतेस!' मग सूनबाईच्या बाजूच्या काचेवर हँडल घातलं. काच फुटून मागे चिमणीवर पडली. ती किंचाळली. त्यानं दुसऱ्यांदा हँडल उगारलं आणि पुन्हा बरोबर मध्ये, बॉनेटसमोर आला.

गाडी पुढे गेली. समोरच्या भिंतीपर्यंत, त्याच्यासकट.

दोन्ही पाय मोडले, मांडीपासून. जिवंत आहे. आता सगळी दारं उघडली, सगळे बाहेर आले. त्याला उचलून नेताना पोलीस वाकून विचारत होता, तेव्हा तोच म्हणाला, दात आवळून, 'तिला गाडी येत नाही हो. घाबरली. ब्रेक समजून रेस दाबला तिनं.' पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. 'असंच ना आजी?' मी मान डोलावली. त्यानं लिहून घेतलं.

चष्मेवाला मिस्त्री गर्दीत होता, तोंडाला पट्टी. काही बोलला नाही. सूनबाई आणि चिमणीला त्यानंच संध्याकाळच्या बसवर पोचवलं.

मी घरी आले. त्याचा साबण अजून न्हाणीघरात ओला होता. तो उचलून हातात धरला आणि खूप रडले. माझ्या पोटचा आहे.


१८ मार्च, बुधवार

डावा क्लच. मधला ब्रेक. उजवा रेस. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाही.

कालही नाही.